तीन रटाळ गोष्टी

काल जेवताना मी बरणीची गोष्ट सांगत होते. धाकटी म्हणाली, "आई, थोडक्यात सांग ना." सगळे हसले, मीही हसले. मग ताटं उचलून आत गेले ती बाहेर आलेच नाही.

झोप लागेना, म्हणून जेन ऑस्टेनची 'एमा' काढली. १८१५ च्या डिसेंबरात आलेली कादंबरी. बॉक्स हिलची सहल हातांनीच उघडली. एक चतुर गोष्ट सांगा, नाहीतर दोन बऱ्या, नाहीतर तीन रटाळ, असा खेळ. बडबडी मिस बेट्स आनंदाने म्हणते, तीन रटाळ मला सहज जमतील. एमा म्हणते, पण एका वेळी तीनच हं! मिस बेट्सला आधी कळतच नाही. कळतं तेव्हा ती रागावत नाही, चेहरा जरासा लाल होतो. म्हणते, मीच फार नकोशी होत असेन, नाहीतर जुन्या मैत्रिणीला ती असं बोलली नसती.

कॉलेजात मी इथे हसले होते. काल रडले. एमाही धाकटीएवढीच, एकविशीतली.

आईला आम्ही असंच... जाऊ दे.

मिस बेट्स पाद्र्याची लेक, बिनलग्नाची, म्हाताऱ्या आईबरोबर भाड्याच्या माडीवर राहणारी. जेनही पाद्र्याची लेक, बिनलग्नाचीच. १८०५ मध्ये वडील गेल्यावर आई-बहिणीसकट भावांच्या आधारावर राहिली. तिने या बाईला पानंच्या पानं बोलू दिलं. ती मी दरवेळी गाळत आले.

काल एक ओळही गाळली नाही. तरुण फ्रँक गावच्या पेरी वैद्याच्या घोडागाडी घेण्याच्या बेताचा विषय काढतो तेव्हा मिस बेट्स सांगत सुटते: ते गुपितच होतं, पेरीबाईंनी आमच्या आईला सांगितलेलं. मग फ्रँकला कुठून कळलं? मिस बेट्सच्या भाचीच्या, जेन फेअरफॅक्सच्या पत्रातून! दोघांचं चोरून जमलेलं लग्न त्या बडबडीत उघडं पडलेलं असतं. एमाचा शेजारी नाइटली सोडला तर कुणाचं लक्ष नसतं. माझंही नव्हतं.

पहाटे वाटलं, बोलणाऱ्या बाईला थोडक्यात सांगताच येत नाही, कारण तिला सगळंच महत्त्वाचं वाटतं. मला वाटतंच. त्या बरणीला आईच्या लुगड्याचा दादरा बांधलेला होता, हिरवा, काठाचा. काल तिथवर पोचलेच नव्हते.

रात्री धाकटीला पुन्हा पहिल्यापासून सांगणार आहे.