तीन फुटी टाकीची सायकल: अमोनिया, नायट्राइट आणि मुंबईच्या पाण्याचा केएच

माझ्या माशांच्या तीन फुटी टाकीची सायकल पूर्ण झाली, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू तिच्यात पुरेसे वाढले. काल रात्री २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया दिला होता; आज रात्री अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. टप्पे आणि आकडे जरा सविस्तर लिहितो आहे, कारण मधे एका ठिकाणी सगळं ठप्प झालं होतं आणि ज्यांच्या नळाला तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी येतं त्या प्रत्येकाला ते कारण माहीत असायला हवं.

आधी सेटअप. टाकी ३६ × १५ × १५ इंच. काठोकाठ भरली तर १३२ लिटरच्या आसपास भरते, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ११० लिटर. भरताना बादल्या मोजून हा आकडा काढला, कारण पुढचा प्रत्येक डोस त्याच्यावरच ठरतो. कॅनिस्टर फिल्टरमध्ये सिरॅमिक रिंग आणि जाड स्पंज, शिवाय एक एअर स्टोन. हीटर नाही, मुलुंडला पाणी आपसूक २८-२९ अंशांवर राहतं आणि या जिवाणूंना ते छान मानवतं. झाडं मुद्दाम नंतर लावायची ठरवली. झाडं अमोनिया स्वतःच ओढून घेतात, मग किटवरचा आकडा जिवाणूंमुळे उतरला की झाडांमुळे, ते कळत नाही. पाणी ड्रममध्ये रात्रभर एअर स्टोन लावून ठेवलेलं, वर थोडं अँटी-क्लोरीन. भरल्यावरचं पहिलं रीडिंग: पीएच ७.२, केएच (पीएचला धरून ठेवणाऱ्या बायकार्बोनेटचं माप) २, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही शून्य.

मासे सोडून सायकल करायची नाही हे पक्कं होतं. दुकानात अजूनही सर्रास सांगतात, "दोन-चार मोली सोडा, मेले तर मेले, टाकी तयार होते." हा सल्ला मला मान्य नाही. अमोनियाने माशाचे कल्ले भाजतात. नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. आपल्याला फक्त अमोनियाचा स्रोत हवा आहे, आणि तो पुडीत मिळत असताना जिवंत माशाला त्यासाठी वापरायचं काही कारण नाही.

ती पुडी म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तो नवसागर शुद्ध असेलच असं नाही, म्हणून केमिकलच्या दुकानातून लॅब ग्रेडचा घेतला. हिशोब सोपा आहे. वजनाच्या साधारण ३२ टक्के अमोनिया मिळतो. ११० लिटरमध्ये २ पीपीएम म्हणजे २२० मिलिग्रॅम अमोनिया, म्हणजेच ०.७ ग्रॅम नवसागर. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. चमच्याच्या अंदाजाने टाकलं तर सहज ८-१० पीपीएमपर्यंत जातं, आणि इतका अमोनिया पुढच्या टप्प्यातल्या जिवाणूंनाच नडतो.

सुरुवातीला मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या मूठभर रिंग माझ्या फिल्टरमध्ये टाकल्या. टाकीच्या पाण्यात जिवाणू फारसे नसतातच, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीचं पाणी आणून ओतण्यापेक्षा तिथला मीडिया (फिल्टरमधल्या रिंग, स्पंज) आणणं केव्हाही चांगलं. फक्त ज्या टाकीतून आणाल तिथे रोगराई नाही याची खात्री हवी.

पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही, तेव्हा त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. अमोनियाच्या टेस्ट ट्यूबमधला हिरवा रंग तसाच (अमोनिया शून्य असेल तर ती पिवळी दिसते). हा रंग वाचण्याबद्दल मात्र एक सांगतो: पिवळसर दिवा असेल तर ०.२५ आणि ०.५ मधला फरक कळत नाही. ट्यूब किटसोबतच्या रंगांच्या कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून, खिडकीजवळ दिवसाउजेडी बघायची. पिवळ्यात हिरव्याची किंचित झाक दिसली तरी तो शून्य नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात हिरवा फिका पडू लागला आणि नायट्राइटच्या ट्यूबमध्ये निळ्याऐवजी जांभळं दिसलं. इथून खरी मजा! अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ०.७ ग्रॅम, तो उतरला की पुन्हा. नायट्राइट बघता बघता कार्डाच्या वरच्या टोकाला, ५ पीपीएमला जाऊन बसलं. १ पीपीएम अमोनियातून सुमारे २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतं, त्यामुळे दोनतीन डोसातच कार्ड अपुरं पडणार हे ठरलेलं. अशा वेळी १ मिलि टाकीचं पाणी आणि ४ मिलि डिस्टिल्ड वॉटर मिसळून टेस्ट करायची आणि उत्तर पाचने गुणायचं. तसं केल्यावर खरा आकडा १५ च्या घरात निघाला. २५ लिटर पाणी बदललं.

या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नका. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग देतं. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तेही नायट्रेट म्हणूनच मोजलं जातं. त्यात दुसऱ्या बाटलीतली पावडर तळाला बसलेली असते. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर उलट आकडा कमी येतो. नायट्राइट शून्य होईपर्यंत मी नायट्रेटची नोंदच ठेवली नाही.

आणि मग सगळं थांबलं. आधी एका दिवसात २ पीपीएम खाणारी टाकी, चौथ्या डोसला अमोनिया उतरेना. दुसऱ्या दिवशी तोच हिरवा, तिसऱ्या दिवशीही तोच. नायट्राइटही जागचं हलेना. आपल्यातले बरेच जण या ठिकाणी बाटलीतले जिवाणू विकत आणतात किंवा टाकी रिकामी करून पहिल्यापासून सुरू करतात. मी केएचचं किट काढलं. ५ मिलि पाण्यात थेंब टाकत जायचे, निळ्याचा पिवळा होईपर्यंत जितके थेंब तितका केएच. माझ्या ट्यूबमध्ये पहिला थेंब पडताच पाणी पिवळं झालं, निळं आलंच नाही. म्हणजे केएच संपलेला. पीएच ६.२.

कारण रसायनात आहे. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पाण्यातलं बायकार्बोनेट खातं. आपण केएच म्हणून मोजतो ते हेच. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, साधारण ७.१ मिलिग्रॅम क्षारता जाते. आपल्या मापात सांगायचं तर २ पीपीएमचा एक डोस सुमारे ०.६६ डिग्री केएच संपवतो. माझ्या नळाच्या पाण्याचा केएच २. तीन डोस, की संपला! त्यानंतर पीएचला धरून ठेवायला काही उरत नाही, तो घसरतो आणि ६.५ च्या खाली नायट्रिफिकेशन मंदावत जातं, ६ च्या आसपास जवळपास बंदच पडतं. जिवाणू मेलेले नसतात, काम थांबलेलं असतं. मधे बदललेल्या २५ लिटर पाण्याने थोडा केएच आला असणार, पण २ चंच पाणी ते, पुरणार किती?

बोअरच्या जड पाण्यावर टाक्या चालवणाऱ्या मित्रांना हा अनुभव सहसा येत नाही, कारण तिथे केएच दहाच्या वरही असतो. इंटरनेटवरचं बरंचसं मार्गदर्शनही तसल्याच पाण्यावर बेतलेलं. आपलं पाणी पावसाचं, सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून धरणात आलेलं. त्यात चुना जवळपास नाहीच. म्हणून माझं ठाम मत असं की मुंबईत सायकल करताना अमोनिया आणि नायट्राइटच्या बरोबरीने केएच मोजलाच पाहिजे. पैसे कमी असतील तर बाटलीतले जिवाणू वगळा आणि केएचचं किट घ्या.

उपाय स्वयंपाकघरातला: खायचा सोडा. १०० लिटरमध्ये ३ ग्रॅम टाकला की केएच साधारण १ ने वाढतो. मी १३ ग्रॅम मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या आउटलेटपाशी हळूहळू ओतला. केएच ४, पीएच ७.६. दुसऱ्या दिवशी अमोनिया निम्म्यावर, त्याच्या दुसऱ्या दिवशी शून्य. त्या पिवळ्याधमक ट्यूबकडे बघून झालेला आनंद तुम्हाला वेगळा सांगायला नको.

पण टाकीत मासे असतील तर हा सोडा असा एकदम टाकू नका, हे कळकळीने सांगतो. किटवर दिसणारा अमोनिया दोन रूपांत असतो: निरुपद्रवी अमोनियम आणि विषारी मुक्त अमोनिया. २५ अंशाला पीएच ७ असताना मुक्त अमोनियाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, पीएच ८ ला ५ टक्क्यांच्या वर. म्हणजे पीएच १ ने चढला की विष साधारण दसपट. घसरलेल्या पीएचमुळे जे मासे निभावून नेत असतात, ते सोडा पडताच तडफडतात. तिथे आधी पाणी बदलून अमोनिया कमी करायचा, मग थोडाथोडा केएच वाढवायचा.

नायट्राइटला त्यानंतरही बराच वेळ लागला. ते जिवाणू सावकाश वाढतात, त्याला इलाज नाही. हे जिवाणू कोण, याबद्दल जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टरचं नाव असतं, पण १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासून दाखवलं की तिथे नायट्राइट खाणारे जिवाणू नायट्रोस्पायरा गटातले आहेत. पुढे २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा अख्खा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. बाटली घ्यायचीच असेल तर लेबलवर नायट्रोस्पायरा आहे का ते बघा, आणि बाटली दुकानात उन्हात ठेवलेली नव्हती ना, हेही विचारा.

या टप्प्यात अमोनिया रोज २ ऐवजी १ पीपीएमच दिला, नाहीतर नायट्राइट साचतच राहतं. दर दोन दिवसांनी केएच बघून ३ च्या खाली आला की पुन्हा सोडा. चौथा आठवडा उलटून गेल्यावर एका संध्याकाळी जांभळा रंग अचानक फिका झाला आणि दोन दिवसांत ट्यूब स्वच्छ निळी. तो उतार असा एकदमच येतो. तोवर आकडे ढिम्म असतात, तेव्हा धीर सोडू नका. मग पूर्ण २ पीपीएमची कसोटी लागोपाठ दोनदा घेतली. दोन्ही वेळा २४ तासांत शून्य-शून्य.

आता नायट्रेट ८० च्या पुढे आहे, ते अपेक्षितच होतं. उद्या तीन-चतुर्थांश पाणी बदलणार. नव्या पाण्याचा केएच टाकीत ओतण्याआधी ड्रममध्येच ४ वर आणून ठेवणार, म्हणजे पीएचला झटका बसत नाही. रोज सोडा मोजत बसायला नको म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात घालायला मिळतो तो शिंपल्यांचा चुरा धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून कॅनिस्टरच्या शेवटच्या ट्रेमध्ये ठेवतो आहे. पाणी आम्लाकडे झुकलं की तो विरघळतो, नाहीतर जवळपास तसाच पडून राहतो.

मासे म्हणून चेरी बार्ब ठरले आहेत. आधी सहा, आठ-दहा दिवसांनी उरलेले सहा. पाणी बदलून मासे येईपर्यंतच्या दिवसांत जिवाणूंना रोज १ पीपीएमचा खुराक चालू ठेवणार, आणि मासे यायच्या आदल्या दिवशी तो बंद. पहिला पंधरवडा रोज अमोनिया, नायट्राइट, केएच तिन्ही मोजतो आणि ते आकडे पुढच्या नोंदीत देतो. ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईतल्या मंडळींनी आपापल्या नळाचा केएच मोजून कळवला तर कुठल्या भागात सोडा लागतो आणि कुठे नाही याची यादी करता येईल.