‘तमस’वर बोलायला बसताना

‘तमस’, म्हणजे भीष्म साहनींची 1947च्या फाळणीवेळच्या दंगलींवरची हिंदी कादंबरी. तिच्यावर चर्चा ठेवा, पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी हिशेबाला बसतंच. कुठल्या बाजूचे किती मेले, आधी हात कुणी उचलला, लेखकाने कुणाला झुकतं माप दिलं. गंमत म्हणजे साहनींनी या वाचकाला कादंबरीतच खुर्ची देऊन ठेवली आहे. शेवटाकडे दंगलग्रस्तांना मदत देणाऱ्या रिलीफच्या कचेरीत आकडे लिहून घेणारा एक बाबू आहे. लोक आपली कहाणी सांगू लागले की तो त्यांना तोडतो: कहाणी नको, आकडा बोला. मेले किती, जखमी किती, नुकसान किती. चर्चेची सुरुवात या प्रसंगाच्या वाचनाने करावी. बेरीज-वजाबाकी मग आपोआप आवरते.

त्याच बाबूसमोर एक माणूस येतो. त्याच्या बायकोने विहिरीत उडी घेतलेली असते आणि तिच्या अंगावरचे सोन्याचे कडे काढून मिळतील का, एवढंच त्याला हवं असतं. दंगलखोरांच्या हाती लागू नये म्हणून शीख बायका एकामागून एक विहिरीत उड्या घेतात, ते प्रकरण त्याआधी येऊन गेलेलं असतं. ते एकटं वाचलं तर पोवाड्यासारखं चढतं, ‘धन्य त्या बाया’ असं म्हणून लोक डोळे पुसतात. म्हणून हे दोन्ही प्रसंग लागोपाठ, मध्ये कुणालाही बोलू न देता मोठ्याने वाचावेत. दुसऱ्या प्रसंगावर ‘हा बलिदानाचा अपमान आहे’ असा आक्षेप हमखास येतो. मला तो पटत नाही. घरदार गेल्यावर हाती लागण्याजोगं जे उरलं तेच तो माणूस मागतोय, आणि लेखक त्याला हसतही नाही.

दुसरी जोडी विमानाची. सुरुवातीला शहरातल्या पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ जिल्ह्याच्या इंग्रज डेप्युटी कमिशनर रिचर्डकडे जातं, तेव्हा दंगल टाळायला निदान शहरावरून एक विमान तरी फिरवा अशी सूचना होते. तो हात झटकतो. दंगल गावोगाव पसरून माणसं मरून गेल्यावर विमान येतं आणि सगळं निवतं. ‘सगळं इंग्रजांवर ढकललंय’ म्हणणाऱ्याला या दोन जागा दाखवाव्यात, पण हिंदू तरुणांना लढाईसाठी तयार करणाऱ्या मास्तर देवव्रतकडे कोंबडी मारून ‘दीक्षा’ घेणारा पोरगा रणवीरही दाखवावा. त्याचा हात रिचर्डने धरलेला नव्हता.

‘तमस’ची दूरदर्शन मालिका आधी पाहिलेल्यांची तक्रार वेगळीच असते: सुरुवातीला डुक्कर मारणारा नत्थू पुढे गेला कुठे? गोविंद निहलानींनी 1988 साली नत्थूला धागा करून कथा ओवली. कादंबरीत तो मध्येच दृष्टीआड होतो. पहिल्या खंडातली 13 प्रकरणं शहरात, पुढचा खंड बराचसा गावांत, एकूण पाचेक दिवस. नायक शोधणारा वाचक त्यात हरवतो. प्रत्येक प्रकरणापुढे ‘हे कुणाच्या डोळ्यांनी?’ एवढं पेन्सिलीने लिहीत गेलं की वाट सापडते.

‘जुन्या जखमा कशाला उकरायच्या?’ हा प्रश्न मालिकेच्या वेळी थेट कोर्टात गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने मालिका थांबवायला नकार दिला. परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने, जिथे तिथे धोका हुंगणाऱ्याच्या नव्हे, ही त्या निकालातली कसोटी मुळात नागपूर उच्च न्यायालयातली, न्या. व्हिव्हियन बोस यांची. आणि जखम तितकी जुनीही नव्हती. 1970च्या दंगलीनंतरची भिवंडी पाहिली, तेव्हा साहनींना 1947चं रावळपिंडी आठवलं आणि लेखणी चालू झाली.

सर्वांत जास्त वेळ मात्र मुराद अलीसाठी राखावा, निदान अर्धा तास. गुरांच्या डॉक्टरला हवंय असं सांगून, पाच रुपये देऊन, तो नत्थूकडून डुक्कर मारून घेतो. सकाळी ते मशिदीच्या पायऱ्यांवर असतं आणि तिथून दंगल पेटते. त्याच्या मागे कोण, हे पुस्तक सांगत नाही. काहींना हा दोष वाटतो. पण सूत्रधाराचं नाव कळलं असतं, तर वाचकाने सगळा दोष त्याच्या माथी मारून पुस्तक मिटलं असतं. शेवटी अमन कमिटीची, म्हणजे शांतता समितीची, बस निघते आणि त्यात बसून एकीच्या घोषणा देतो तो हाच. नत्थू मेलेला आहे, नाहीतर त्याने ओळखला असता. बसमध्ये दुसरं कुणी त्याला ओळखणारं नाही.