हायब्रिड की पेट्रोल: एका टेस्ट ड्राइव्हसाठी सव्वा महिना

शोरूममध्ये कुणी 'हायब्रिड', म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेली गाडी, म्हणालं की आधी विचारा, "गाडी नुसत्या बॅटरीवर चालते का?" मला हा प्रश्न दुसऱ्या फेरीनंतर सुचला.

मी बेळगावात अनगोळला राहते, शाळा खानापूरला. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, शिवाय माहेर कोल्हापूर. वर्षाला १४ हजार किलोमीटर होतात. जुनी गाडी विकायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनाच हायब्रिड हवी होती, सगळ्यांत जास्त मला.

शोरूममध्ये जी दाखवली ती माइल्ड हायब्रिड निघाली. तिची छोटी मोटर सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू करते, वेग घेताना थोडा हातभार लावते, पण एकटीनं गाडी ओढत नाही. "हायब्रिडच की ही मॅडम, कागदावर बघा," हेच उत्तर दोनदा मिळालं. मग स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे नुसत्या बॅटरीवरही चालणारी, चालवून बघायची म्हटलं, तर ती हुबळीला गेलेली. पुढच्या शनिवारी सर्व्हिसिंगला. त्याच्या पुढच्या शनिवारी मला सांगितलं, "साहेबांना घेऊन या, म्हणजे एकदमच दाखवतो." हप्ता माझ्या पगारातून जाणार, रोज चालवणार मी, आणि दाखवायची साहेबांना! तो राग अजून गेलेला नाही.

चौथ्या खेपेला गाडी मिळाली, तीही दहा मिनिटांसाठी, काँग्रेस रोडवर एक चक्कर. सेल्समन शेजारी बसून स्क्रीनवरचं २८ चं ॲव्हरेज दाखवत होता. पण निघताना बॅटरी जवळजवळ भरलेली होती आणि परत आलो तेव्हा निम्म्यावर. म्हणजे त्या २८ मधलं काही पेट्रोल आमच्या आधीच कुणीतरी जाळलेलं होतं. टेस्ट ड्राइव्हला ट्रिप मीटर शून्यावर घ्या आणि बॅटरीच्या कांड्या निघताना-परतताना दोन्ही वेळा मोजा. त्या सारख्या असतील तरच आकडा खरा.

शेवटी मॅनेजरना लेखी कळवलं: खानापूरपर्यंत माझ्या रोजच्या रस्त्यावर नेऊ द्या, पेट्रोल मी घालते, नाहीतर बुकिंग विसरा. सव्वा महिन्यानं एका रविवारी सकाळी होकार आला.

टिळकवाडीचं पहिलं रेल्वे गेट बंद होतं. इंजिन गप्प, एसी मात्र सुरू. ती शांतता मला फार आवडली, खोटं कशाला सांगू. गावातल्या गर्दीत गाडी कितीतरी वेळ बॅटरीवरच सरकत होती आणि ब्रेक दाबला की पुन्हा चार्ज होत होती. पण चौपदरी रस्ता लागला, वेग ८०-९० वर गेला आणि गणेबैलच्या टोलनाक्यापर्यंत इंजिन बहुतेक वेळ चालूच राहिलं. घरी आले तेव्हा कांड्या निघतानाच्या इतक्याच, ॲव्हरेज २२. आमच्या शाळेतल्या बाईंची तेवढीच मोठी पेट्रोल गाडी याच रस्त्यावर १७ देते.

मग हिशेब सोपा झाला. वर्षाला १९० लिटरच्या आसपास बचत, म्हणजे लिटरला १०३ रुपये धरले तर साडेएकोणीस हजार. किमतीतला फरक ३ लाख. त्यावर आपला कर्नाटकचा रोड टॅक्स: १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. कोटेशनमध्ये हायब्रिडला त्यात काही सवलत नव्हती, त्यामुळे फरक साडेतीन लाखांवर गेला. तो भरून निघायला अठरा वर्षं. जीएसटीनं तरी काही हलकं होईल म्हणावं, तर सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल असो की हायब्रिड, दोन्हींना ४० टक्केच.

महाराष्ट्रातल्या चंदगडचा आतेभाऊ म्हणाला, "ताई, माझ्या पत्त्यावर कोल्हापूरची एमएच-०९ कर, तिकडं १२ टक्केच आहे." सीमाभागात हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. पण गाडी जिथं कायम राहते तिथंच तिची नोंदणी करायची असते, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांवर ठेवली की तिथली नोंदणी घ्यावीच लागते. रोज पोलीस दिसला की छातीत धस्स व्हायला नको. मी बेळगावची केए-२२ च केली.

डिकी बघायची राहिली असती तर पस्तावले असते. त्या हायब्रिडची बॅटरी डिकीखाली होती, कोल्हापूरला नेतो त्या दोन मोठ्या बॅगा बसल्या नाहीत. घरून बॅगा घेऊनच जा.

तुमचं रोजचं चालवणं शहापूर, खडेबाजार, कपिलेश्वर पुलावरच्या गर्दीतलं असेल आणि किलोमीटर माझ्या दुप्पट असतील, तर हायब्रिडच बघा. मी साधी पेट्रोल घेतली, दुसऱ्या शोरूममधून. तिथल्या मुलीनं पहिल्याच दिवशी किल्ली माझ्या हातात दिली.