बुधवारची संध्याकाळ, नकाशा आणि जंगल

परवा स्टॉकहोमजवळच्या नाक्काच्या जंगलात आमच्या क्लबचं संध्याकाळचं ओरिएंटियरिंग झालं, म्हणजे नकाशा बघत जंगलातली ठरलेली ठिकाणं क्रमाने शोधत पळायचा खेळ. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे ऑफिस आटोपून आरामात पोचता येतं.

नकाशा १:१०,००० चा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. रंग मात्र आधी डोक्यात बसवावे लागतात. पांढरं म्हणजे सहज पळता येईल असं जंगल, पिवळं म्हणजे मोकळी जागा, आणि हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट.

मला वेगापेक्षा वाट निवडण्यातच खरी मजा येते. तिसऱ्या कंट्रोलच्या, म्हणजे गाठायच्या ठिकाणाच्या, आधी टेकडी आडवी आली. सरळ चढायचं की पायवाटेने वळसा घ्यायचा? तपकिरी समोच्च रेषा अगदी चिकटून काढलेल्या, म्हणजे चढ खडा. मी वळसा घेतला. पोटरीपर्यंत ब्लूबेरीची झुडपं, शेवाळलेला भलामोठा खडक, आणि त्याच्या मागे केशरी-पांढरा झेंडा! पोचल्याची नोंद करणारी बोटावरची चिप तिथल्या यंत्रात घातली, 'टीं' वाजलं की पुढे.

शेवटी सगळे नकाशे पसरून कोण कुठून गेलं ते सांगत बसतात. या खेळात ऐंशी पार केलेल्यांसाठीही वेगळे गट असतात, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्यातल्या एका आजींनी तर टेकडी सरळ चढून पार केली होती, आणि कुठल्या घळीतून, तेही मला बोट ठेवून दाखवलं.

सह्याद्रीत टोपोशीट घेऊन भटकणाऱ्यांनो, संधी मिळाली तर हा खेळ जरूर खेळून बघा.