बारावा आठवडा : फरक उतारावर कळला

मंडळी, धावण्यासाठी वजनं उचलायला लागून 12 आठवडे पुरे झाले. मंगळवार-शुक्रवार वजनं, रविवारी साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात धावणं, मध्ये हलकं धावणं. सुरुवातीला वजनं शनिवारी घ्यायचो आणि रविवारी घाटात पाय उचलत नसत. वार बदलल्यावर ते थांबलं.

नोंद अशी : स्क्वॉट 20 किलोच्या नुसत्या दांडीपासून 55 किलोपर्यंत, 5-5 वेळा, असे 3 सेट. रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून पुढे झुकत दांडी उचलणं) 60 किलो. एका पायावर टाच उचलणं, हातात 12 किलोचा डंबेल. माझं वजन तेव्हा 64 होतं, आजही 64 आहे. अंग जड होईल म्हणून जिमकडे न फिरकणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची. आहे तोच स्नायू जास्त कामाला लागतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पायरीचा. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, तीन मोजत दुसरी टाच जमिनीला नुसती टेकवायची आणि परत वर. डावा गुडघा दर वेळी आत, अंगठ्याकडे झुकायचा. आरसा समोर ठेवून सहा आठवडे तेवढंच केलं. आता तो सरळ राहतो, दहाव्या वेळेला थोडा थरथरतो. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. दर वेळी अंगाचा सगळा भार एका पायावर येतो. धावणंही तसंच, एका वेळी एकच पाय जमिनीवर. म्हणून एका पायाचे व्यायाम मला सोडवत नाहीत.

चढाला माझी वेळ फारशी सुधारलेली नाही. पण उतार! उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणून तो चढापेक्षा उतारानं जास्त दुखावतो. गेल्या वर्षी याच घाटातल्या सातारा हिल मॅरेथॉनच्या परतीला शेवटचे 4 किलोमीटर मांड्यांनी दगा दिला होता, दुसऱ्या दिवशी कठडा धरून आडवा जिना उतरलो होतो. या रविवारी घाट उतरताना खाली समर्थ मंदिरापर्यंत पावलं थपथप न वाजता पडली. सोमवारी दूध आणायला जिना सरळ उतरलो.

पुढचा आठवडा हलका : वजनं निम्मी, घाट नाही. त्यानंतर पायरीला हातात 5 किलो, आधी डाव्या पायाला.