साडेसहानंतरचे मैदान

२५ जानेवारी २०२५, शनिवार. माझ्या पिशवीत खुल्या व्यायामशाळेचे आणि वेशीजवळच्या चौकात पेव्हर ब्लॉक बसवण्याचे अंदाजपत्रक होते. दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत त्याला मंजुरी घ्यायची आणि सोमवारी सासवडला पंचायत समितीत कागद सादर करायचे, असे मी ठरवून ठेवले होते. मी पुरंदर तालुक्यातील एका लहान गावाचा ग्रामसेवक आहे. २०२४ मध्ये पदाचे नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी झाले, तरी गावात मला आजही भाऊसाहेबच म्हणतात. राहायला हडपसरला असल्यामुळे रोज दिवे घाट चढून यावे लागते, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला कार्यालय बंद करून परत घाट उतरायचा, हा माझा अनेक वर्षांचा नेम होता. हा नेम सांगण्याचे कारण असे की, गावाची संध्याकाळ मी त्या दिवसापर्यंत नीट पाहिलेलीच नव्हती.

सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातच तशी तरतूद आहे. बायकांची शेतातली कामे आटोपावीत म्हणून आम्ही दुपारी दोनची वेळ ठेवली होती. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या, बचत गटाच्या महिला आल्या, आशाताई आणि अंगणवाडीताई आल्या. सरपंचताई अध्यक्षस्थानी होत्या. मी विषयपत्रिका वाचली आणि खुल्या व्यायामशाळेचा विषय आल्यावर सहा उपकरणांची यादी वाचून दाखवली. अशा सभेत पुढे बहुधा काय होते ते मला पाठ होते. कोणी तरी ‘मंजूर’ म्हणते, प्रोसिडिंग बुकावर सह्या आणि अंगठे होतात, आणि चहा येतो.

त्या दिवशी मागच्या रांगेतून एका आजींनी विचारले, “भाऊसाहेब, हे बसवणार कुठं?”

“वेशीपाशी, आजी. पाराच्या शेजारी.”

“पारावर तर दिवस मावळायच्या आत सगळी गडीमाणसं येऊन बसत्यात. तिथं आमच्या सुना जाऊन हातपाय हलवणार व्हय?”

यावर सभेत हसू झाले, पण आजी हसल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग आशाताई उभ्या राहिल्या. गावातील साखरेचा आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्या महिलांची नावे त्यांच्या वहीत होती. आरोग्य केंद्रातील डॉक्टर प्रत्येकीला रोज अर्धा तास चालायला सांगतात, आणि त्यातल्या काही जणी खरोखरच चालतात. त्या पहाटे साडेपाचला, अंधारात, सासवडला जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेने, मागून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोच्या उजेडात चालतात. “चाला म्हणून आम्हीच सांगतो, भाऊसाहेब. चालायचं कुठं, हे कुणी सांगत नाही.” हे वाक्य मी प्रोसिडिंगमध्ये जसेच्या तसे लिहून घेतले. माझ्या नोकरीत प्रोसिडिंगमध्ये कोणाचे बोलणे मी इतक्या शब्दशः उतरवल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतर जे झाले त्यामुळे हा दिवस माझ्या लक्षात राहिला. शनिवारी शाळा सकाळची असल्याने काही मुली आयांबरोबर येऊन दारात बसल्या होत्या. त्यांतल्या नववीतल्या एका मुलीने आईच्या कानात काही तरी सांगितले. आई म्हणाली, “तूच सांग की.” मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आम्हाला दोन पोल पाहिजेत.” मला वाटले विजेचे खांब हवे आहेत. तिने खुलासा केला: खो-खोचे पोल. सहाच दिवसांपूर्वी, १९ जानेवारीला, दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक संपला होता. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला होता. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मुलींनी अंतिम सामना एकाच मोबाइलवर, दहा-बारा जणींनी मिळून पाहिला होता. ज्या खेळाचे नियम बांधण्याचे पहिले काम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात झाले, त्या खेळासाठी पुण्यापासून घाटापलीकडच्या एका गावातील मुली ग्रामपंचायतीकडे दोन खांब मागत होत्या, आणि आमच्या आराखड्यात त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती.

ती का नव्हती, याचा विचार मी नंतर बराच केला. विकास आराखडा करताना आम्ही बालसभा घेतो, आणि ती गावच्या जिल्हा परिषद शाळेत घेतो. तिथे पहिली ते सातवीची मुले असतात. आठवीपासून पुढची मुले शेजारच्या गावातील हायस्कूलला जातात, त्यामुळे ती बालसभेत नसतात. अठरा वर्षांची नसल्यामुळे ग्रामसभेतही त्यांना मत नसते. तेरा ते अठरा या वयाचे कोणीच आमच्या कोणत्याही सभेत बसत नव्हते, आणि मैदानाची सर्वांत जास्त गरज याच वयाला असते. त्या मुलीची मागणी मी तिच्या आईच्या नावाने नोंदवली, कारण नियमाने दुसरा मार्ग नव्हता.

सभा संपल्यावर मी विचारले, “तुम्ही आता खेळता कुठे?” त्या म्हणाल्या, “या ना दाखवतो.” सरपंचताईही आल्या.

गावाच्या पश्चिमेला गायरानाचा एक तुकडा आहे, एक एकराहून थोडा अधिक. एका कडेला वेड्या बाभळी माजलेल्या, दुसऱ्या कडेला कोणाची तरी कडब्याची गंजी आणि मोडकी ट्रॉली. मधोमध मुलांनी क्रिकेटसाठी सिमेंटची पट्टी केलेली. मुलींच्या वाट्याला बाभळींच्या बाजूचा उतार आला होता. तिथे त्यांनी तेलाच्या दोन रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत सिमेंट भरून त्यात बांबू रोवले होते. बांबूला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मी कारण विचारले, तर त्या मुलीने उजवा तळहात पुढे केला. अंगठ्याखालच्या मांसल भागात कुसळ जाऊन झालेल्या तीन बारीक काळ्या खुणा होत्या. खो-खोत पळणारा गडी पोलला हात घालून गर्रकन वळतो, अख्ख्या शरीराचा भार त्या एका हातावर येतो. पोल जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंच, गुळगुळीत आणि पक्का गाडलेला असावा लागतो. यांचा बांबू प्रत्येक वळणाला डब्यासकट कलत होता, आणि तो कलू नये म्हणून एक मुलगी खेळ सोडून डब्यावर पाय देऊन उभी राहत होती. नऊ जणींच्या संघातल्या दोघी अशा फक्त बांबू धरायला खर्ची पडत होत्या.

मी कार्यालयातून ३० मीटरचा टेप आणवला. खो-खोच्या मैदानाला २७ बाय १६ मीटर जागा लागते, आणि क्रिकेटच्या पट्टीला धक्का न लावता ती उत्तरेच्या बाजूला सहज बसत होती. मग संपूर्ण तुकड्याची कड मोजली. कडेकडेने एक फेरी सुमारे २७० मीटरची भरली. टेपचे दुसरे टोक धरायला पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला होता. तो लगेच म्हणाला, “सहा फेऱ्यांत सोळाशे होतंय की, भाऊसाहेब.” पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि गावातील ही मुले पहाटे त्याच डांबरी रस्त्यावर धावत होती, जिथे त्यांच्या आया आणि काकू चालत होत्या. आशाताईंची मागणी आणि या मुलाची मागणी ही एकाच पायवाटेची मागणी आहे, हे मला तिथे टेप गुंडाळताना कळले.

त्या दिवशी मी साडेपाचला निघालो नाही. मुली खेळत राहिल्या. पण सहानंतर त्यांचे खेळातले लक्ष उडू लागले आणि सूर्य बुडाल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळ्या निघून गेल्या. इतर दिवशी हायस्कूल सुटून बस गावात येईपर्यंत साडेपाच होतात, म्हणजे त्यांना खेळायला तासभरही मिळत नाही. मुलगे मात्र मोबाइलच्या उजेडात बसून राहिले. मैदानावर दिवा नव्हता. शौचालय नव्हते. सरपंचताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “मी लग्न होऊन आल्यापासून या मैदानात आज पहिल्यांदा पाय ठेवला.” त्या गावच्या प्रथम नागरिक, आणि लग्न होऊन येऊनही त्यांना बरीच वर्षे झाली आहेत.

त्या रात्री घाट उतरताना मला माझे आधीचे गाव आठवत होते. तिथेही खुली व्यायामशाळा बसवली होती, उद्घाटनाचा फ्लेक्स लागला होता आणि दोन पावसाळ्यांत उपकरणांच्या बेअरिंगला गंज चढला. देखभालीसाठी अंदाजपत्रकात तरतूदच नव्हती. उपकरणे वाईट नसतात. ती कोणासाठी, कुठे आणि कोणत्या वेळेला, हे न विचारता आपण ती बसवतो, कारण त्यांचा दर तयार असतो, पुरवठादार तयार असतो आणि फोटो चांगला येतो. मुरमाच्या पायवाटेचा फोटो येत नाही. हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही, त्या अंदाजपत्रकावर माझीच सही होती.

रविवारी झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती भरली, आणि विशेष म्हणजे महिला पुष्कळ होत्या. मी आदल्या दिवशीच्या सभेचे इतिवृत्त वाचले, आशाताईंच्या वाक्यासकट. विरोध झाला. काही तरुणांचे म्हणणे होते की शेजारच्या गावांत व्यायामशाळा झाली, मग आपल्याकडे का नको? एका ज्येष्ठ सदस्यांनी चौक सुशोभित झाला तर गावाची शोभा वाढेल, असा मुद्दा मांडला. एकाने तर गायरानाच्या रस्त्याकडेला दुकानगाळे काढावेत, ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळेल, असे सुचवले. त्यावर मात्र मला स्पष्ट बोलावे लागले. गायरानाची मालकी शासनाची आहे, आणि गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या ग्रामस्थांच्या सामाईक उपयोगासाठी परत द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सर्व राज्यांना बजावलेले आहे.

खरे वळण त्या भरतीच्या मुलाने दिले. तो उभा राहिला आणि त्याने फक्त फेरीचा हिशेब सांगितला: २७० मीटर, सहा फेऱ्या, रोज रस्त्यावर जीव मुठीत धरून धावण्यापेक्षा आपल्याच गावात. तरुणांचा सूर तिथून बदलला. कडब्याची गंजी ज्यांची होती त्यांनी सभेतच सांगितले की आठ दिवसांत उचलतो, आणि त्यांनी ती सहा दिवसांत उचलली.

पैशाचा मेळ कसा घातला, ते इतर गावांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चता येत होता, आणि ४० टक्के अबंधित होता. मैदान म्हटले की सगळे अबंधितकडे पाहतात. पण महिलांचे शौचालय हे स्वच्छतेचे काम आहे, ते बंधितमध्ये बसले. गायरानावर पक्के बांधकाम करायचे तर महसूल विभागाची परवानगी लागते, म्हणून शौचालय मैदानाला लागून असलेल्या, गावठाणातील ग्रामपंचायतीच्या जागेत घेतले आणि त्याचे दार मैदानाच्या बाजूला ठेवले. मुरमाची वाट आणि दिवे अबंधितमध्ये गेले. राहिले दोन पोल. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी लागते, आणि ती बहुतेक वेळा वर्षअखेरीस घाईघाईने कशावर तरी खर्च होते. पोल त्यातून घेतले. सासवडच्या एका सुताराने लेथवर लाकूड फिरवून, वरून हात फिरवला तर कुठेच अडणार नाही असे ते करून दिले, आणि आम्ही ते डब्यात न रोवता खड्डा घेऊन जमिनीत पक्के गाडले. बाभळी काढण्याचे काम श्रमदानातून झाले. बाके कुठे ठेवायची हे आजींना विचारले. त्यांनी पाराकडे पाठ होईल आणि नातवंडे दिसतील अशी जागा दाखवली.

दिव्यांबाबत एक अडचण आली. आधी दोन दिवे प्रवेशाजवळच्या खांबांवर लावले होते, त्यामुळे पुढचा भाग लखलखीत आणि शौचालयाकडची वाट काळोखी राहिली. मुलींनी दुसऱ्याच दिवशी सांगितले. त्यातला एक दिवा हलवून शौचालयाच्या कोपऱ्यावर नेला, त्यासाठी फक्त वायर वाढवावी लागली. आता साडेसातपर्यंत मुली खेळतात आणि त्याच वेळी त्यांच्या आया फेऱ्या मारतात, म्हणून कोणाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. वाट नुकतीच रोलरने दाबून झाली होती. उतारावरचे पाणी वायव्येच्या कोपऱ्यातून आडवे गेले आणि तिथला आठ-दहा मीटर मुरूम वाहून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा भरतीच्या मुलांनी तिथे फरशीचे तुकडे टाकून तात्पुरती वाट केली होती आणि महिला तिथून पदर सावरत एकेकीने जात होत्या. आजींनी बाकावरूनच मला हाक मारली आणि पाणी नेमके कुठून शिरले ते काठीने दाखवले. त्या जागी मोरीचा पाइप टाकण्याचे काम आम्ही पुढच्या आराखड्यात घेतले आहे.