भिंतीवरचं वल्हं

रविवारी सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडली. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे... आपण स्टेशनं म्हणून मोजतो, ती सगळी आधी गावं होती. बेलापूरला उतरले आणि रिक्षाने खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात गेले. माझ्या ओळखीच्या एक चित्रकार ताई तिथल्या लोकांना घेऊन एक लांबलचक भिंत रंगवत होत्या. वीस वर्षं त्या हेच काम करतात, वस्त्यावस्त्यांतून.

भिंत घासून प्रायमर मारून झाला होता. खडूने चौकटी आखल्या होत्या आणि वहीएवढ्या कागदावरचं चित्र पोरं चौकटी मोजत मोठं करत होती. ब्रशला हात लावण्याआधी ताई दोन महिने घरोघरी नुसत्या बसायला जात होत्या. निवट्या, म्हणजे चिखलातली मासळी, कुठे मिळायच्या, मिठागरं कुठवर होती, कोणता बांध कधी बुजला, सगळं विचारून वहीत लिहून घेतलेलं. मला तर भिंतीइतकीच ती वही मोलाची वाटते.

मी पोचले तेव्हा एक आजी भिंतीवरच्या होडीसमोर उभ्या होत्या. "वल्हा असा नाय धरीत रं," म्हणत त्यांनी पोराच्या हातातला खडू घेतला आणि नाखव्याची खालची मूठ वीतभर पुढे सरकवली. तेवढ्याने तो माणूस जोर लावून होडी हाकू लागला.

दुपारी भाकरी खाताना ताईंनी जूडी बाका यांचा विषय काढला. १९४६ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या या चित्रकर्तीने १९७६ मध्ये तिथल्या पूरनियंत्रण कालव्याच्या भिंतीवर शहराचा इतिहास रंगवायला घेतला. अनेक उन्हाळे, चारशेहून अधिक तरुण हात. त्यातले काही तर पोलिसांच्या लफड्यात सापडलेले. भिंत भरली जवळजवळ अर्धा मैल. रस्ते आणि स्टेडियमपायी ज्यांच्या वस्त्या उठल्या, तेही त्या भिंतीवर आहेत.

हे ऐकलं आणि समोरच्या भिंतीवर काय चाललंय ते मला नीट कळलं. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि नवी मुंबई वसवायला इथल्या जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातून आली. भिंतीवर ते पाच जण कसे दाखवायचे यावर बायकांची बरीच चर्चा झाली होती. बंदुका नकोत, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. शेवटी भाताच्या पाच लोंब्या ठरल्या. त्यातल्या एकीचे दाणे मी रंगवले, पिवळ्यात थोडा गेरू मिसळून.

उजवीकडचा टोकाचा भाग मात्र कोराच होता. तिथे विमानतळ काढायचा, असं पोरांचं म्हणणं. म्हाताऱ्यांना तिथे खाडीच हवी आहे. ताईंनी तिथे प्रायमर मारून ठेवलाय आणि त्या थांबल्या आहेत.